रुतलेल्या गाडीचा इतिहास : दोर बांधायचा कुठे?

१/
उंद्री हे बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील, खामगाव आणि चिखली यांच्या मधल्या टापूतील गाव. जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाची विभागणी 'घाटावरचा' आणि 'घाटाखालचा' अशी करतात. मृगाचा पाऊस एकदा जमिनीत मुरला की घाटावर काय आणि घाटाखाली काय, शेतवाटांवर एकच प्रसंग शतकानुशतके घडत आला आहे. गाडी रुतते, माणसे जमतात, दोर येतो आणि कोणीतरी विचारते : बांधायचा कुठे? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/
आज रानवाटांवर जीप, थार किंवा जिप्सी चालवणारे तरुण या जागेला 'रिकव्हरी पॉइंट' म्हणतात. अडकलेली गाडी ओढून काढण्यासाठी तिच्या सांगाड्यालाच घट्ट जोडलेला मजबूत पोलादी हुक किंवा कडी, असा त्याचा अर्थ. अनेकांना ती नव्या काळातील हौशी जोडणी वाटते. प्रत्यक्षात ही कल्पना मोटारीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मोटार आल्यावर ती काही काळ विस्मरणात गेली, एवढेच.

३/
आधी माती समजून घ्यावी. वऱ्हाडची काळी जमीन दख्खनच्या लाव्हारसाच्या खडकापासून तयार झाली. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणून वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात तीच जमीन लोण्यासारखी होते. ओली माती चाकाला थरावर थर चिकटते, चाक गुळगुळीत होते आणि पकड संपते. कापसाला वरदान ठरलेला ओलावा धरून ठेवण्याचा गुण चाकाला शाप ठरतो.

४/
या मातीतून वाट काढणारे जुने वाहन म्हणजे बैलगाडी, वऱ्हाडी बोलीत बंडी. तिची रचना नीट पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. बैलांच्या मानेवरचे जू, जुवाला बांधलेल्या दांड्या आणि त्या दांड्यांखाली बसवलेला आख, ही सारी एक अखंड साखळी आहे. माल ज्या साट्यात भरतात तो त्या साखळीवर नुसता ठेवलेला असतो. ओढीचा ताण मानेपासून थेट आखापर्यंत जातो. मध्ये कोणताही नाजूक भाग येत नाही.

५/
बंडी रुतली की तीन उपाय केले जात : माल उतरवणे, चाकाच्या आऱ्यांना खांदा लावणे आणि पुढे दुसरी बैलजोडी जुंपणे. वरचा दोर बांधायचा तर तो आखाला किंवा दांडीच्या मुळाशी. साट्याच्या कडेच्या खुंट्याला दोर बांधला तर खुंटा हातात येणार, हे सांगायला शाळेची गरज नव्हती. जोर जिथून सुरू होतो तिथपासून जिथे पोहोचायला हवा तिथपर्यंतचा मार्ग भक्कम असावा, हे सूत्र गाडीवान कृतीतून जाणत होता.

६/
या सूत्रावर मोठा व्यापार अवलंबून होता. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून दूरवर जाई. त्यातला बराचसा बंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर गंगाकाठच्या मिर्झापूरला पोहोचत असे. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाटा बंद पडत. त्यामुळे व्यापाराचे वेळापत्रक सरकारच्या हुकमावर नव्हे, चिखलावर ठरत असे.

७/
१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडचे महत्त्व एकाएकी वाढले. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खुला झाला, त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले. परंतु शेतापासून खामगावच्या बाजारापर्यंतचा प्रवास बंडीचाच राहिला. चिखलाशी झुंज शेवटच्या काही कोसांत शिल्लक उरली, आणि ती आजही तिथेच आहे.

८/
दोर आणि चिखल यांचे नाते व्यापारापेक्षा युद्धात अधिक कठोर होते, कारण तिथे ओझे तोफांचे असे. औरंगजेबाच्या काश्मीर प्रवासाचे वर्णन करणारा फ्रेंच वैद्य बर्निये सांगतो की, काही अवजड तोफांना वीस-वीस बैलजोड्या लागत. चढ किंवा खडबडीत वाट आली की हत्ती डोक्याने आणि सोंडेने चाके पुढे रेटत. पुढून ओढ आणि मागून रेटा अशी ही दुहेरी योजना होती. त्या काळच्या लष्कराची गती घोडेस्वारांवरून मोजून चालत नाही. ती सर्वांत मागे राहिलेल्या तोफेवरून मोजावी लागते.

९/
आता १८०३ सालात यावे. २३ सप्टेंबर रोजी असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. असई आजच्या जालना जिल्ह्यात, म्हणजे बुलढाण्याच्या शेजारी. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेकडील अडगाव येथे दुसरी लढाई झाली. त्यानंतर उरला तो मेळघाटातील गाविलगड. नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला दक्षिणेकडून फार चढाचा होता. उत्तरेकडची बाजू तुलनेने सोपी, पण तिथे तोफा न्यायच्या तर डोंगर ओलांडावा लागणार होता.

१०/
ते काम कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीवर सोपवण्यात आले. ७ डिसेंबरपासून सुमारे पाच दिवस तिचे सैनिक जवळजवळ तीस मैलांची वाट आधी स्वतः तयार करत आणि मग तिच्यावरून अवजड तोफा डोंगर-दऱ्यांतून ओढून नेत. बऱ्याच ठिकाणी बैलांचा उपयोग संपला आणि दोर माणसांच्या हाती आला. १५ डिसेंबरला किल्ला पडला; किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत तटाला पडलेले खिंडार येते, पण ते पाडणाऱ्या तोफा त्या जागी दोरांनी पोहोचवल्या होत्या.

११/
तोफ माणसांनी ओढायची तर दोर बांधायचा कुठे? इंग्रजी बनावटीच्या तोफगाड्यांत याचे उत्तर आधीच घडवलेले असे. आखाच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या तुंब्याबाहेर, हुक असलेले वॉशर बसवत. त्यांना 'ड्रॅग-वॉशर' म्हणत. प्रत्येक बाजूच्या हुकात एक दोर अडकवायचा आणि माणसांच्या दोन रांगांनी ओढायचे. ताण थेट आखावर पडे, दोन्ही बाजूंना सारखा वाटला जाई आणि तोफ वाकडी होत नसे.

१२/
आजच्या रिकव्हरी पॉइंटची तिन्ही तत्त्वे या छोट्या वॉशरमध्ये सापडतात. पहिले : हुक गाडीच्या सर्वांत भक्कम भागाला जोडलेला. दुसरे : हुक एक नव्हे, दोन. तिसरे : संकट येण्याआधीच बसवलेला. चिखलात उतरल्यावर जागा शोधणाऱ्याला ती सापडत नाही, कारण तोपर्यंत भक्कम भाग मातीखाली गेलेला असतो.

१३/
मग मोटार आली आणि एक उलटापालट झाली. बंडी किंवा तोफगाडा पुढून ओढला जातो, म्हणून त्याचे पुढचे टोक हाच त्याचा प्राण. मोटार स्वतःच्या चाकांनी स्वतःला पुढे रेटते. तिला कोणी ओढण्याची रोजची गरज उरली नाही. पुढचे टोक ओढीची जागा न राहता गाडीचा चेहरा झाले : दिवे, जाळी, बंपर. जोपर्यंत रस्ता पक्का होता तोपर्यंत या बदलाची किंमत कोणाला जाणवली नाही.

१४/
पहिल्या महायुद्धाने ती जाणीव करून दिली. १९१५-१६ मध्ये मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात सापडलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. त्यांच्या सुटकेसाठी निघालेल्या फौजेची वाट तुर्कांबरोबरच पुराने आणि चिखलानेही रोखली. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेले. दुसऱ्या टोकाला, फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर रणगाडेच रुतू लागले, तेव्हा १९१७ मध्ये त्यांच्या पाठीवर एक जाड लाकडी तुळई देण्यात आली. ती साखळ्यांनी पट्ट्यांना बांधायची आणि तिच्यावरून रणगाड्याने स्वतःला बाहेर काढायचे. गाडीने सुटकेचे साधन सोबत बाळगावे, ही कल्पना अशी परतली.

१५/
१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीची मागणी केली. बँटम, विलीज आणि फोर्ड या कंपन्यांच्या नमुन्यांतून १९४१ ची विलीज एमबी घडली. वजन सुमारे ११०० किलो. जवानांनी मिळून चिखलातून बाहेर काढावी इतकी ती आटोपशीर, आणि तिच्या यशाचे एक कारण हेच होते.

१६/
मात्र या जीपची मागची आणि पुढची बाजू शेजारी ठेवून पाहावी. मागे तोफ किंवा ट्रेलर अडकवण्यासाठी भक्कम पिंटल हुक होता, थेट चौकटीला जोडलेला. पुढे पोलादी पट्टीचा साधा बंपर. जीपची कल्पना 'ओढणारी' म्हणून केली गेली होती. 'ओढली जाणारी' म्हणून तिचा विचार नंतर झाला. १९५० च्या एम-३८ या लष्करी जीपच्या पुढच्या टोकालाही शॅकल बसवलेले दिसतात. तो युद्धाच्या अनुभवाचा परिणाम म्हणता येईल.

१७/
तो अनुभव मराठी जवानांनीही घेतला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात इटलीच्या अपेनाइन डोंगरांत आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान लढत होते. पाऊस, बर्फ आणि चिखल यांत ट्रक निरुपयोगी ठरत. रसद जीपवर चढे. जीप थांबे तिथून ती खेचरांवर जाई. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या आघाडीपर्यंत दारूगोळा आणि भाकरी पोहोचली ती याच चिखलवाटांनी.

१८/
युद्ध संपले आणि जीप महाराष्ट्रात आली. १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. १९४७ मध्ये मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' असे बदलले. रणांगणासाठी जन्मलेले वाहन आता शेतवाटांसाठी तयार होऊ लागले.

१९/
१९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली; १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. गटविकास अधिकारी, तहसीलदार, लसीकरणाचे पथक, निवडणुकीतील उमेदवार, या सर्वांना खेड्यापर्यंत नेणारी गाडी म्हणजे जीप. पावसाळ्यात ती रुतली की जवळच्या शेतातून बैलजोडी किंवा पुढे ट्रॅक्टर येई. साखळी अडकवायची ती बहुधा पुढच्या बंपरला. बंपर वाकलेली सरकारी जीप हे त्या काळाचे एक परिचित दृश्य.

२०/
बंपर का वाकतो, हे आकड्यांत पाहता येते. लष्करी रिकव्हरीच्या शास्त्रात चिखलाच्या विरोधाचा एक ठोकताळा आहे. गाडी चाकांपर्यंत रुतली तर तिला हलवायला तिच्या वजनाइतका जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट. त्याहूनही वर गेली तर तिप्पट. म्हणजे १८०० किलोच्या गाडीला अनुक्रमे १.८, ३.६ आणि ५.४ टन. बंपर किरकोळ धक्क्यासाठी असतो. साडेतीन टनांची ओढ त्याच्या बोल्टांच्या हिशोबात नसते.

२१/
वाकणे हा सौम्य परिणाम झाला. खरा धोका तुटण्यात आहे. लवचीक दोराने झटका देऊन गाडी काढताना दोन टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे जात असेल, तर तिच्यात सुमारे ७७०० ज्यूल ऊर्जा असते. ती दोरात साठते. त्याच क्षणी एक किलोचा हुक उखडला आणि त्या ऊर्जेचा चौथा हिस्सा जरी त्याला मिळाला, तरी तो ताशी सुमारे २२० किलोमीटर वेगाने सुटतो. समोर असतो दुसऱ्या गाडीचा चालक, किंवा कडेला उभे राहून पाहणारे गावकरी.

२२/
म्हणूनच दोन जागा सर्वथा वर्ज्य मानल्या जातात. एक : गाडी ट्रकवर किंवा जहाजावर बांधून नेण्यासाठी खाली दिलेल्या पातळ कड्या. त्या गाडी जागेवर धरून ठेवण्यासाठी असतात, चिखलातून उपसण्यासाठी नसतात. दोन : मागचा टो-बॉल. तो ट्रेलरच्या संथ ओढीसाठी घडवलेला असतो. झटक्यात त्याची मान तुटून तो गोळ्यासारखा उडतो. अशा अपघातांत जगभर माणसे दगावली आहेत.

२३/
मग पुढचा हुक बसवायचा कसा? तोफगाड्याचीच तत्त्वे. हुक चेसिसच्या मुख्य तुळईला जोडलेला असावा, पत्र्याला किंवा बंपरच्या कातडीला नव्हे. बोल्ट उच्च प्रतीचे असावेत : १२ मिलिमीटर जाडीचा ८.८ प्रतीचा बोल्ट सरळ ताणात सुमारे ६.८ टनांवर तुटतो, ४.६ प्रतीचा त्याच्या निम्म्यावर. आडव्या कातरणाऱ्या जोरात दोन्हींची ताकद आणखी कमी, साधारण साठ टक्के. एका हुकाला एकाहून अधिक बोल्ट हवेत आणि चेसिसच्या आतील बाजूला जाड पोलादी पट्टी हवी, म्हणजे ताण एका भोकावर न एकवटता पसरतो.

२४/
हुक दोन असावेत, चेसिसच्या दोन्ही तुळयांवर एकेक. दोन्हींत मिळून एक पट्टा अडकवून त्याच्या मध्यातून ओढले की भार विभागतो. पण पट्टा लांब हवा. दोन बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक हुकावर एकूण ओढीच्या सुमारे ५८ टक्के भार येतो. पट्टा आखूड झाला आणि कोन १२० अंशांवर गेला, तर प्रत्येक हुकावर पूर्ण ओढीइतका भार येतो. वाटणीचा लाभ संपतो. दोरावर मध्यभागी जड घोंगडे टाकायचे आणि माणसांना लांब उभे करायचे, हा शेवटचा नियम.

२५/
हे ज्ञान आता पुन्हा रुजते आहे. २०१४ पासून गोव्याच्या पावसाळी रानात 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही स्पर्धा भरू लागली. तिथे चिखल हेच मैदान असते आणि भक्कम हुकाविना गाडी निभावत नाही. गमतीची बाब अशी की, शर्यतीच्या नियमावलीतून तरुण जे शिकतात ते त्यांच्या पणजोबांनी बंडीच्या आखाशी शिकलेले होते.

२६/
११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. तो बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने जातो. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली तेव्हाचेच चित्र पुन्हा उभे राहिले : मोठा मार्ग वेगवान झाला, शेतापर्यंतची पाणंद चिखलातच राहिली. २०२१ मध्ये राज्याने पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली, यातच त्या प्रश्नाची कबुली आहे. पाणंद पक्की होईपर्यंत रुग्ण, बियाणे आणि पीक यांची वाट काळ्या मातीतूनच जाते.

२७/
गाविलगडावर तोफा चढवणाऱ्या माणसांची नावे इतिहासात उरली नाहीत. मिर्झापूरच्या वाटेवर बैलांना पुढे जुंपणाऱ्या बंजाऱ्यांचीही नाहीत. त्यांच्या कामाची एक खूण मात्र उरली आहे : आखाच्या टोकाला हुक असलेला तो वॉशर. उंद्रीच्या शिवारात उद्या एखादी जीप रुतेल, तेव्हा दोर घेऊन धावणाऱ्या मुलाने आधी खाली वाकून पाहावे. हुक चेसिसला आहे की पत्र्याला? उत्तर पटले नाही, तर दोर खाली ठेवावा, फावडे घ्यावे आणि चाकापुढची माती उपसावी. वेळ जाईल, पण कडेला उभी असलेली माणसे सुखरूप घरी जातील.